ढेकण्या मास्तरांचा नियम

आमच्या सायन्सच्या सरांना दोन्ही चपला सारख्या झिजलेल्या लागत. नंदुरबारचे रस्ते तेव्हा मधे उंच आणि कडेला उतरते होते. कायम एकाच अंगाला उतार ठेवून चाललं तर एक टाच आधी झिजते, हे त्यांनी ताडलं होतं. म्हणून सकाळी शाळेत जाताना ते रस्त्याच्या डाव्या कडेने जात आणि संध्याकाळी परतताना उजव्या कडेने. म्हणजे दोन्ही वेळा त्याच गटाराच्या काठाने. पलीकडच्या कडेला कोणी ओळखीचं भेटलं तर ते तिथूनच हात हलवत, रस्ता ओलांडत नसत. गावात नव्याने आलेल्या माणसाला हे उद्धट वाटे. जुन्यांना सवय झाली होती.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीची एकदोन वर्षं. मी नाशिककडचा, हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो, आणि मिरची बाजारामागच्या एका गल्लीत सरांच्या खोलीत निम्मा भाडेकरू झालो होतो. हंगामात गावभर मिरची वाळत असे आणि आम्ही सगळेच सकाळ-संध्याकाळ शिंकत असू. सर तेव्हा चाळिशीच्या अलीकडे होते. तापीकाठच्या शेतकरी घरातले, घरात अहिराणी बोलणारे, वर्गात मात्र छापील मराठी. भाकरीचा एक घास उजव्या दाढेने, पुढचा डाव्या. बाजारातून वांगी आणायची तरी दोन पिशव्या, दोन्ही हातांना सारखं ओझं. भांग मधोमध, तोही आरशासमोर फूटपट्टी धरून पाडलेला. आणि या सगळ्या समतोलाच्या मधोमध त्यांचा डावा हात उजव्यापेक्षा चांगलाच आखूड होता. लहानपणी चिंचेवरून पडून मोडला होता आणि गावातल्या हाडवैद्याने तो वाकडा बसवला होता. शिंपी त्यांच्या सदऱ्याची एक बाही कमी करून देई, ते दुसरी दुमडून तिच्या बरोबर करत.

गावाने त्यांना ठेवलेलं नाव होतं ढेकण्या मास्तर. कपाशीची बोंडं फुटली की त्यांच्यावर तांबडे किडे येतात, पोटावर पांढरे पट्टे आणि पाठीवर दोन काळे ठिपके असलेले. शेतकरी त्यांना ढेकण्या म्हणतात आणि रॉकेलच्या डब्यात झटकून मारतात. सर ते काड्यापेट्यांत भरून खोलीत आणत. आमच्या घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही मावशी म्हणायचो, त्यांनी पहिल्या दिवशीच मला बजावलं होतं की पेटी हलली तर उघडायची नाही. त्यांचा सरांवर जीव होता, पण हा उद्योग त्यांना समजत नसे. "लोके ढेकूण मारतस," त्या म्हणत, "आनि आमना मास्तर पाळी ऱ्हायनात."

या किड्यांची एक गोष्ट कपाशीच्या शेतात गेलेल्या कोणालाही माहीत असते. त्यांची जोडी लागली की दोघं पाठीला पाठ लावून चिकटतात आणि कितीतरी वेळ तशीच फिरतात. एक पुढे चालतो, दुसऱ्याला उलटं चालावं लागतं. सरांनी त्या जोड्या वेगळ्या ठेवायला सुरुवात केली आणि एकटे किडे वेगळे. जोडीतला नर आणि एकटा नर, दोघांच्या मिशा, दोघांचे सहाही पाय, पाठीचे दोन ठिपके, सगळं भिंगाखाली ठेवून डिव्हायडरने डावी बाजू आणि उजवी बाजू ते मोजत. कित्येक हिवाळे त्यांनी हे केलं. आणि त्यातून त्यांचा नियम तयार झाला होता: ज्या नराची डावी-उजवी बाजू सारखी, त्याची जोडी लागते, ज्याचा पाय किंवा मिशी एका बाजूला तोकडी, तो एकटा राहतो. मादी सारखेपणा बघते. विलायतेत असं कोणी मोजलेलं नाही, असं ते मला सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली येई.

वर्गात त्यांनी हे शिकवायला घेतलं तेव्हा हेडमास्तर हैराण झाले. वर्गात मुलीही होत्या. 'समागम' हा शब्द टाळा, त्याऐवजी 'विवाह' म्हणा, अशी त्यांनी विनंती केली. सर म्हणाले, विवाह म्हणता येणार नाही, त्यांच्यात मंगलाष्टकं नसतात. शेवटी 'जोडी' या शब्दावर तडजोड झाली. पोरं मात्र नियम घरी घेऊन गेली आणि बघता बघता तो गावभर झाला. मुलगा बघायला आलेले लोक त्याचे कान निरखू लागले. न्हावी कल्ले सारखे करताना सरांचं नाव घेऊ लागला. एकदा बैलबाजारात सर एका खोंडाच्या शिंगांना डिव्हायडर लावून उभे राहिले आणि म्हणाले, उजवं शिंग बारीक आहे. ते खरं होतं, म्हणूनच व्यापारी त्यांच्या अंगावर धावला. मला त्यांना हाताला धरून ओढत आणावं लागलं आणि तेवढ्यातही ते मला सांगत होते की दुसऱ्या बैलाचं मोजायचं राहिलं.

"आधी मोज, मंग बोल." हे त्यांचं वाक्य. विद्यार्थ्यांना, शिपायाला, मला, कधी कधी हेडमास्तरांनाही.

आता मावशींच्या भाचीचं सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट नुसती किड्यांची होईल. ती खांडबाऱ्याच्या शाळेत शिक्षिका होती. सुट्टीत मावशीकडे यायची. सरांच्या पेट्यांना न घाबरणारी त्या घरातली ती एकटीच. भिंगाला डोळा लावून बसायची, प्रश्न विचारायची, आणि सर तिला 'तुम्ही' म्हणून छापील मराठीत उत्तरं द्यायचे. तिशीला आली होती, वडील नव्हते, लग्नाचं बघणारं मावशीखेरीज कोणी नव्हतं. मावशीने एकदा सरांना सरळ विचारलं. पोरीची ना नाही, हेही सांगितलं.

सरांनी हात जोडून नाही म्हटलं. मावशीला कारण दिलं ते ढेकण्यांचं. जोडी सारख्यांचीच लागते, मी रोज डोळ्यांनी बघतो, निसर्गाच्या विरुद्ध जाऊन मी कोणाच्या पोरीला फसवणार नाही, असं म्हणाले. मावशी दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. मला सरांनी पुढे कधीतरी उरलेलं सांगितलं. फार पूर्वी ते एका गावी मुलगी बघायला गेले होते. पोह्यांची बशी डाव्या हाताने घेतली आणि मुलीच्या मामाची नजर त्या हातावर गेली. बोलणं तिथेच थांबलं. परत येताना भावाच्या शेतात त्यांना बोंडांवर जोड्या दिसल्या आणि एकटे किडे दिसले, आणि ते खाली बसले. त्या दिवसापासून ते मोजत होते. मला वाटतं नियम सापडल्यावर त्यांना बरं वाटलं असणार. मामाचा दोष नाही, मुलीचा नाही, कोणाचाच नाही, असं एकदा ठरलं की माणूस शांत झोपतो.

मला हे सगळं वेडगळ वाटायचं आणि तरीही मी त्यात ओढला गेलो. आपल्या नियमावर ते एक निबंध लिहीत होते आणि त्यासाठी त्यांना चित्रं हवी होती. मी पहिलं चित्र मोठ्या झोकात करून दिलं. ड्रॉइंगच्या परीक्षेत आम्ही मुलांना नक्षी शिकवतो तसं अर्धं काढलं, कागदाची मधोमध घडी घातली आणि उरलेलं अर्धं त्यावरून उमटवून घेतलं. किडा देखणा झाला होता. सरांनी चित्रावर डिव्हायडर ठेवला, दोन्ही बाजू अगदी तंतोतंत निघाल्या, आणि त्यांनी विचारलं, हा किडा कुठे भेटला? मी घडीचं सांगितलं. त्यांनी कागद फाडला. ओरडले नाहीत, पण त्या दिवशी माझ्यासोबत जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मास्तर, दुसरी बाजू बघितल्याशिवाय काढायची नाही. तेव्हापासून मी प्रत्येक पाय वेगळा बघून काढू लागलो, आणि माझ्या हाताला तशी खरी चित्रकला त्याच वर्षी आली.

सरांनी निबंधाचा सारांश पुण्याला धाडला होता, तिकडून पत्र आलं. शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या सभेत सरांनी आपला निबंध वाचावा, असं बोलावणं. आमच्या तालुक्यातून असं बोलावणं कोणाला आल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष मिरचीचे बडे व्यापारी होते. त्यांनी पेढे वाटले, मंडप ठरवला, शाल-श्रीफळ आणि सत्कार. आमची शाळा आठ दिवस हवेत होती. सरांनी नवीन कोट शिवायला टाकला आणि शिंप्याला बाह्यांची मापं स्वतः घेऊन दिली. ढेकण्या मास्तर म्हणणारी पोरं आता 'आमचे सर' म्हणू लागली.

मी चित्रं पूर्ण करत होतो. जोडीतले नर काढून झाले होते, एकट्यांचे काढत होतो. एकट्यांचा पाय तुटका, मिशी तोकडी, जसं दिसेल तसं. सगळे कागद वाळायला खाटेवर मांडले तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझे सगळे लंगडे किडे एकाच अंगाला लंगडे आहेत. उजव्या. मी आधी स्वतःवरच संशय घेतला. पेट्या उघडून पुन्हा बघितलं. किडेच तसे होते. डाव्या अंगाला मोडलेला एखादाच.

मला किड्यांतलं काही कळत नव्हतं, पण निसर्गाची चूक एकाच बाजूला होईल हे मला पटेना. मी सरांना कागद दाखवले. त्यांनी मापांची वही उघडली; तीत फरक किती तेवढंच होतं, कोणत्या बाजूला ते लिहिलेलंच नव्हतं. मग मला विचारलं, उद्या रविवार आहे, शेतावर येता का?

भावाच्या शेतात बायकांची कापूस वेचणी चालू होती. सरांचे किडे इतकी वर्षं याच बायका धरत आल्या होत्या. कापूस वेचता वेचता सापडेल तो किडा काड्यापेटीत टाकत, त्याबद्दल त्यांना सरांकडून चहा आणि गूळ मिळे. सर बांधावर बसून नुसते बघत राहिले. मीही बघितलं. जोडी लागलेले किडे पळू शकत नव्हते, एक इकडे ओढी, एक तिकडे. बाईने पेटी खाली धरून बोंड हलवलं की जोडी अलगद आत पडे. एकटा किडा मात्र हात दिसताच तिच्यापासून दूर पळे, आणि बाई त्याला मागून उजव्या हाताच्या चिमटीत धरे. हात उजवीकडून येई, म्हणून चिमटीत त्याच्या उजव्या अंगाचे पाय येत, कधी मिशीही. एखादा पाय तिथेच राही, किडा पेटीत जाई.

सर उठले. कागदाची नळकांडी केली आणि स्वतः किडे धरायला लागले, हात न लावता, नळकांड्यात लोटून. मी पेट्या धरत होतो. दुपार कलेपर्यंत आम्ही तेच केलं. मग बांधावरच त्यांनी भिंग काढलं. जोडीतले आणि एकटे, काही फरक नव्हता. एकट्यांचे सगळे पाय शाबूत होते, मिशा शाबूत.

परतताना बैलगाडीत ते एकच बोलले. ठिपक्यांमध्ये फरक त्यांना कधीच सापडला नव्हता. त्यांना वाटायचं, मादी ठिपके बघत नसेल. "ठिपके चिमटीत तुटत नाहीत, मास्तर," ते म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की सत्कार तरी होऊन जाऊ द्या. गावाचा हिरमोड होईल, आणि पुण्याला नंतर काहीतरी निमित्त कळवता येईल. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात जाऊन पुण्याला तार केली की निबंध वाचणार नाही, नियम चुकला आहे. सत्काराबद्दल काही बोलले नाहीत, म्हणून मला वाटलं तो गुपचूप पार पडेल.

मंडप भरला होता. बायकांच्या बाजूला मावशी पुढेच बसली होती. अध्यक्षांनी हार घातला, शाल दिली, नंदुरबारचं नाव पुण्यापर्यंत गेल्याचं सांगितलं. सर नव्या कोटात उभे राहिले. मला आठवतं, त्यांनी त्या दिवशी बाही दुमडली नव्हती. दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि वर्गात शिकवतात तसं सगळं सांगितलं. जोडी कशी धरली जाते, एकटा किडा कसा धरला जातो. चिमूट काढून दाखवली. वेचणाऱ्या बायकांची यात काही चूक नाही, कसं धरायचं हे मीच सांगायला हवं होतं, असं म्हणाले. "जो नियम मी तुम्हांला शिकवला तो किड्यांचा नव्हता, आमच्या धरण्याचा होता. मी चुकीचं शिकवलं. विद्यार्थ्यांनी वहीतलं ते पान खोडावं." मग गळ्यातला हार काढायला त्यांनी मान खाली घातली.

मी त्यांच्या मागच्या रांगेत बसलो होतो, आणि मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. आजही लिहिताना येतं. पुण्याला जाऊन टाळ्या घेऊन आले असते तर मला इतका वाटला नसता. या माणसाच्या खोलीत मी राहतो, याच्या ताटाशेजारी जेवतो, हे मला सगळ्या मंडपाला ओरडून सांगावंसं वाटलं.

अध्यक्ष उठले. रागावले असतील असं मला वाटलं, आणि थोडे होतेच. त्यांनी सरांचा हात धरला आणि माइकवर, भाषणाचं मराठी सोडून, म्हणाले, "मन्हा धंदामा सोताना माल खराब शे असं सांगनारा मानूस मी आज पहिलांदाव दखा. हार ऱ्हाऊ द्या." आणि तो हार त्यांनी सरांच्या गळ्यात नीट सारखा केला. टाळ्या सुरू झाल्या त्या मुलांच्या बाजूने. नंतर मोठे लोकही वाजवायला लागले, काहींना अजून कळलं नव्हतं कशासाठी.

घरी आलो तेव्हा मावशी आमच्या आधी पोचून ओट्यावर बसली होती. सरांच्या हातात शाल, नारळ, सगळं तसंच होतं. तिने त्यांना जिना चढू दिला नाही.

"किडास्ना पाय बायास्नी मोडात," ती म्हणाली. "तुम्हना हात झाडनी मोडा. मंग मन्ही भाचीनी काय करं?"

या बाईला नाही म्हणताना सरांनी जे कारण दिलं होतं, ते तासाभरापूर्वी त्यांनी स्वतःच्या तोंडाने सगळ्या गावासमोर खोटं ठरवलं होतं. नारळ तिच्याजवळ ठेवून ते ओट्यावर बसले. मग म्हणाले, "आते काही सबब नही ऱ्हायनी, मावशी. पन मी नही म्हनेल शे तिले. ती काय म्हनी?" मावशी म्हणाली, हे मला काय विचारता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुरतेकडच्या पॅसेंजरने खांडबाऱ्याला गेलो. मला सोबत कशाला नेलं, माहीत नाही. बाजाराचा दिवस होता, शाळा लवकर सुटली होती. ती वर्गात एकटी फळा पुसत होती. आम्हांला बघून तिने खुर्च्या पुढे केल्या. सर बसले नाहीत. लग्नाचं बोलायला आलेला माणूस कशापासून सुरुवात करतो, कोण जाणे. आमच्या सरांनी चिमटीपासून केली. शेत, बायका, पळणारा किडा, उजवे पाय, तार, मंडप, सगळं उभ्याउभ्या सांगितलं आणि शेवटी म्हणाले की तुम्हांला नाही म्हणायला माझ्याजवळ जे कारण होतं ते आता उरलेलं नाही. दुसरं मी शोधलं नाही.

तिने सगळं नीट ऐकलं. मला वाटलं ती रडेल, किंवा लाजेल, किंवा आम्हांला बाहेर काढेल. तिन्हींचा तिला हक्क होता. ती विचार करत होती.

"उजव्या हातानं धरलं म्हणून उजवे पाय मोडले," ती म्हणाली. "पण मग डाव्या हातानं धरून बघितलं का? तसं केलं तर डावे मोडायला हवेत. नाहीतर तुमचं हेही चुकलेलं असायचं."

सरांनी ते केलं नव्हतं. आखूड हाताची पकड कच्ची होती, आणि शेतावर त्यांना ते सुचलंही नव्हतं. ज्या माणसाने सगळ्या गावाला आधी मोज म्हणून शिकवलं, तो खांडबाऱ्याच्या वर्गात परीक्षेला बसलेल्या पोरासारखा उभा होता. तरी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. ते खूश होते.

"माझा हात त्या कामाचा नाही," ते म्हणाले.

"मी डावरी आहे," तिने खडूचा हात पदराला पुसला. "मी धरीन."

सर तिच्या त्या हाताकडे बघत राहिले. मग इतक्या वर्षांचं 'तुम्ही' आणि छापील मराठी दोन्ही विसरून त्यांनी विचारलं, "मंग कधी येशी?"